मालगाडीवरच्या माणसांची चित्रकादंबरी काढताना

प्रश्न असा आला आहे: १९३० च्या दशकातल्या अमेरिकन महामंदीत मालगाड्यांवरून चोरून प्रवास करणाऱ्या बेघर लोकांवर, म्हणजे 'होबों'वर, मराठीत साधारण शंभर पानांची चित्रकादंबरी करायची आहे. नायक सोळा वर्षांचा मुलगा आहे. अर्धी पटकथा तयार आहे, पण ती रेल्वे, ती यार्डं कधी डोळ्यांनी पाहिलेली नाहीत. संदर्भ कुठून घ्यायचे? होबो लोक भिंतींवर गुप्त खुणा करत असत, हे खरं का? आणि पात्रांच्या तोंडी मराठी कोणती घालायची?

तिन्ही प्रश्नांचं सांगते, पण आधी एक न विचारलेला प्रश्न घेते. ही माणसं सारखी फिरत का होती?

'काम शोधायला' हे उत्तर खोटं नाही, पण त्यावर शंभर पानं उभी राहत नाहीत. १९३३ मध्ये अमेरिकेत चार कामगारांमागे एक बेकार होता. पुढच्या गावातही काम नाही, हे दोन-तीन महिन्यांत कोणालाही कळत असणार. असं कळल्यावर माणूस कुठेतरी पथारी टाकतो. यांना ती टाकू दिली जात नव्हती. मदत मिळायची ती त्या गावच्या, त्या काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) रहिवाशाला. किती काळ राहिलं म्हणजे रहिवासी, याचे नियम राज्याराज्यांत वेगळे होते, पण काल गाडीवरून उतरलेला माणूस कुठल्याच नियमात बसत नव्हता. त्याला एक रात्र आसरा आणि एक वेळचं जेवण मिळायचं, सकाळी पोलीस हद्दीबाहेर काढायचे. पुढचं गावही हेच करायचं. अनेकदा तर आसऱ्याऐवजी रात्रभर कोठडी आणि सकाळी 'पुन्हा दिसू नकोस' एवढंच.

म्हणजे तुमचा मुलगा भटकत नाही, त्याला हाकललं जातं. पटकथेतल्या प्रत्येक प्रवासाच्या आधी हे विचारा: याला इथून कोणी काढलं? मालक, पोलीस, आसऱ्याचा व्यवस्थापक की घरातलीच परिस्थिती? त्या काळी कित्येक पोरं घरातून निघाली, कारण खाणारं एक तोंड कमी झालं तर धाकट्यांना पुरेल असं त्यांना वाटलं, किंवा तसं त्यांना सांगितलं गेलं. हे उत्तर दर वेळी पानावर लिहायची गरज नाही, पण तुम्हाला ते माहीत हवं. नाहीतर हौसेने घर सोडलेल्या पोराची साहसकथा होते आणि मंदी मागच्या पडद्यावर रंगवल्यासारखी राहते.

याच विचारातून पुस्तकाची बांधणीही सुटते. अमेरिकन रेल्वे तेव्हा साधारण शंभर-दीडशे मैलांच्या तुकड्यांत विभागलेली होती. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी इंजिन आणि गाडीवरची माणसं बदलायची. तिथेच मोठं यार्ड आणि तिथेच रेल्वेचे खासगी पोलीस. म्हणून अनुभवी होबो यार्डाच्या अलीकडे, गाडी मंदावताच उतरायचा. गावाला वळसा घालून चालत पलीकडच्या टोकाला जायचा आणि गाडी यार्डातून बाहेर पडून वेग घ्यायच्या आत पुन्हा चढायचा. यार्डाजवळ, पाण्याच्या आसपास, या लोकांचा तळ असायचा. डब्यांत शिजवलेला कालवण-रस्सा, झाडाला अडकवलेला आरशाचा तुकडा, आणि वापरलेली भांडी घासून पालथी ठेवायची असा नियम.

हा एक फेरा म्हणजे तुमचं एक प्रकरण. उतरणं, चालणं, तळ, वाट पाहणं, चढणं. शंभर पानांत असे सहा-सात फेरे पुष्कळ झाले. प्रत्येक फेऱ्यात एकच गोष्ट बदला: हवामान, सोबती, किंवा मुलाच्या पायातले बूट. वाट पाहण्याला पानं द्या. नवशिके चित्रकार धावत्या गाडीवर जीव ओततात, कारण ती काढायला मजा येते. पण थांबे धरले तर मालगाडीची सरासरी तासाला वीस मैलांच्या आतच होती आणि साइडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभं राहण्यात तासन् तास जायचे. शिवाय मंदीत गाड्याच कमी झाल्या होत्या. १९२९ ते १९३२ या काळात अमेरिकेतली रेल्वे मालवाहतूक जवळजवळ निम्म्यावर आली. चढणारे वाढले आणि गाड्या घटल्या. रिकाम्या वाघिणींच्या, म्हणजे मालडब्यांच्या, लांबच लांब रांगा साइडिंगला गंजत उभ्या होत्या. हे दृश्य मला कुठल्याही धावत्या इंजिनापेक्षा जास्त बोलकं वाटतं, आणि तुमच्या पटकथेच्या गोषवाऱ्यात ते कुठेच नाही.

आकडे हवे असतील तर दोन रेल्वे कंपन्यांचे पुरेत. मिसूरी पॅसिफिक कंपनीने १९२९ मध्ये आपल्या गाड्यांवर १३,७४५ विनातिकीट माणसं मोजली. १९३१ मध्ये हा आकडा १,८६,०२८ झाला. सदर्न पॅसिफिकने १९३२ या एका वर्षात ६,८३,००० हून जास्त जणांना गाड्यांवरून उतरवलं. हा सदर्न पॅसिफिकचा आकडा माणसांचा समजू नका, तो उतरवण्याचा आहे. एकच माणूस त्यात दहा वेळा आला असेल, कारण उतरवला की तो पुढची गाडी पकडायचा. या फुगलेल्या आकड्यातच तुमची गोष्ट आहे. आणि ज्या कंपन्या उतरवत होत्या त्यांचीही धडगत नव्हती. मिसूरी पॅसिफिक १९३३ मध्ये दिवाळखोरीत गेली. गाडीवरच्या ब्रेकमनचा, म्हणजे ब्रेक सांभाळणाऱ्या कामगाराचा, भाऊ त्याच गाडीच्या छतावर बसलेला असू शकत होता. म्हणून सगळे रेल्वेवाले दुष्ट काढू नका. मारझोड करणारे होते, तसे पाहून न पाहिल्यासारखं करणारेही होते.

आता चित्रांकडे येते. इथे आपला हात आपल्याला फसवतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपल्या डोळ्यांत बसलेली गाडी म्हणजे कोपऱ्यांना दोन गोल बफर असलेले जुने निळे डबे आणि चार चाकांच्या जुन्या वाघिणी. अमेरिकन वाघिणीला ते बफर नसतात. तिथे १८९३ च्या कायद्याने मधोमध आपोआप जुळणारे कपलर सक्तीचे झाले. दोन मुठी एकमेकींत अडकल्यासारखे दिसतात. वाघीण साधारण चाळीस फुटी, खाली चार-चार चाकांचे दोन गाडे (बोग्या), म्हणजे आठ चाकं. दोन्ही बाजूंना मधोमध सरकतं दार. छतावर मधून लांब फळीची पायवाट, कारण ब्रेकमनला गाडी चालू असताना वरून चालत जावं लागे. कोपऱ्यांना शिड्या, आणि एका टोकाला हातब्रेकचं चाक. हे चाक विसरलात तर जाणकार पहिल्या पानावर पुस्तक मिटेल. रूळांमधलं अंतरही आपल्यापेक्षा कमी, चार फूट साडेआठ इंच. आपलं साडेपाच फूट. त्यामुळे तिथली वाघीण रुळांवर जास्त उंच आणि बाहेर झुकल्यासारखी दिसते. आपल्याकडच्या फोटोवरून गिरवलंत तर बैठक चुकते, मग कितीही रेषा मारा. फलाटही आपल्यासारखे उंच नाहीत, जवळजवळ जमिनीलगत. गाडीच्या शेवटी गार्डाचा डबा, बहुधा लाल, आणि त्याच्या छतावर बाहेर बघायला काचेची छोटी खोली.

'वाघिणीच्या पोटाखाली गजांवर पडून प्रवास' हे दृश्य तुमच्या पटकथेत असणार, सगळ्यांच्या असतं. ते गज जुन्या लाकडी वाघिणींचे. १९३० पर्यंत पोलादी सांगाड्याच्या वाघिणी सगळीकडे आल्या होत्या आणि गजवाल्या कमी होत चालल्या होत्या. म्हाताऱ्या होबोच्या आठवणीत हे दृश्य शोभेल. सोळा वर्षांच्या पोराला १९३२ मध्ये तिथे घालू नका.

दुसरं सिनेमाछाप दृश्य म्हणजे पळत्या गाडीच्या उघड्या दारातून आत झेप. दाराचा उंबरा खाली उभ्या माणसाच्या छातीशी येतो. खडीवर धावत धावत छातीएवढ्या उंचीवर उडी मारून पाहा म्हणजे कळेल. बहुतेक जण शिडी पकडत. त्यातही एक नियम होता: शिडी धरायची ती वाघिणीच्या पुढच्या टोकाची. हाताला हिसका बसतो, पाय सुटतात आणि अंग मागे फेकलं जातं. पुढची शिडी धरलेली असेल तर माणूस वाघिणीच्या बाजूवर आदळून बाहेर पडतो. मागची असेल तर दोन वाघिणींच्या फटीत, चाकांखाली.

या एका नियमावर मी पूर्ण पान काढीन. वर एक रुंद आडवी चौकट: गाडी डावीकडून उजवीकडे जाते आहे आणि मुलगा तिच्या बरोबरीने धावतो आहे. खाली तीन अरुंद उभ्या चौकटी. पहिलीत खडीवर घसरणारा बूट. दुसरीत लोखंडी पायरी आणि तिच्यापासून वीतभर लांब बोटं. तिसरीत बोटं पायरीवर, पण चौकटीच्या डाव्या कडेला काळी फट दिसते, म्हणजे ही मागची शिडी आहे हे वाचकाला मुलाच्या आधी कळतं. पुढची चौकट पान उलटल्यावर. शब्द एकही नको. हा नियम मात्र आधी दहा-बारा पानांवर तळातल्या कोणीतरी जाता जाता सांगितलेला हवा, जेवता जेवता, मुलाचं लक्ष ताटलीत असताना.

गाडी सुटतानाचा आवाज आपल्या लिपीत फार छान करता येतो. वाघिणींच्या कपलरांत थोडी ढिलाई असते. इंजिनाने ओढ घेतली की पहिली वाघीण खेचली जाते, मग दुसरी, मग तिसरी, आणि दणका पुढून मागे धावत येतो. आत झोपलेल्या माणसाला तो लांबून जवळ येताना ऐकू येतो आणि शेवटी अंगाखालची फळी हादरते. एक 'खाड्' कोपऱ्यात बारीक अक्षरात, पुढच्या चौकटीत जरा मोठं, मग आणखी मोठं, आणि शेवटचं चौकटीच्या रेषा मोडून बाहेर. शिरोरेघ सलग ओढा, तीच गाडीसारखी दिसेल. फॉन्ट वापरू नका. आवाज हातानेच लिहायचे, हा माझा हट्ट आहे.

धूर आणि काजळी सगळीकडे सारखी काढू नका, मार्गाप्रमाणे ती बदलते. मुलाला उत्तरेकडून ग्रेट नॉर्दर्न कंपनीच्या गाडीने सिएटलला नेणार असाल तर वाटेत कॅस्केड बोगदा लागतो. १९२९ मध्ये उघडलेला, जवळपास साडेबारा किलोमीटर लांब. पण त्यातून गाड्या विजेच्या इंजिनाने जात, त्यामुळे 'बोगद्यात धुराने जीव घुसमटला' हे तिथे चालणार नाही. ते दृश्य हवंच असेल तर सदर्न पॅसिफिकच्या सिएरा नेवाडा ओलांडणाऱ्या मार्गावर जा. तिथे बोगदे आहेत, शिवाय बर्फापासून रूळ वाचवायला बांधलेल्या लाकडी छपरांच्या लांबलचक ओळी होत्या. धुराचा त्रास इतका, की कंपनीने तिथे उलटी इंजिनं वापरली: चालकाची खोली पुढे आणि धुराडं मागे. चालकाची सोय झाली. छतावरच्या माणसाची नाही. तो ओला रुमाल नाकाला बांधून पालथा पडायचा. ही इंजिनं तेलावर चालत, म्हणजे कोळशाची ठिणगी नाही, तेलकट काजळी. चित्रात हा फरक दाखवता येतो: कोळशाच्या मार्गावर कपड्यांना जळालेली बारीक भोकं, तेलाच्या मार्गावर चेहऱ्यावर चकाकणारा काळा थर.

याच मार्गावर रोझव्हिल आहे. तिथे फळांच्या वाघिणींत बर्फ भरायचा प्रचंड कारखाना होता. या वाघिणींच्या दोन्ही टोकांना बर्फाचे कप्पे असत आणि छतावरच्या झडपांतून बर्फ आत टाकत. फळं घेऊन वाघिणी पूर्वेला जात, परत येताना कप्पे रिकामे. लपायला उत्तम जागा, वारा लागत नाही. पण झडप बाहेरून बंद झाली तर आतून उघडत नाही. यापेक्षा जास्त भीतिदायक जागा तुम्हाला कल्पनेने सुचणार नाही, म्हणून खलनायक वगैरे शोधत बसू नका. कर्तव्यदक्ष कामगाराने उघडी झडप बघून बंद केली, एवढं पुरतं.

गुप्त खुणांबद्दल. मांजर म्हणजे दयाळू बाई राहते, अमुक रेघा म्हणजे कुत्रा आहे, अशी यादी सगळीकडे फिरते आणि ती चित्रकाराला मोहात पाडते, कारण ती चित्रांतच आहे. पण प्रत्यक्ष कुंपणांवर, भिंतींवर अशा खुणा सर्रास होत्या, याचा पुरावा फारच तुटपुंजा आहे. यादीचा बराचसा प्रसार वर्तमानपत्रांनी आणि स्वतःची दंतकथा विकणाऱ्या काही भटक्यांनीच केला. पक्का पुरावा आहे तो वेगळ्या गोष्टीचा: टोपणनावांचा. इंजिनात पाणी भरायच्या टाक्यांच्या खांबांवर लोक आपलं टोपणनाव, तारीख आणि कुठल्या दिशेला निघालो ते कोरत. लेखक जॅक लंडन १८९४ मध्ये स्वतः असा फिरला होता आणि त्याने हे लिहून ठेवलं आहे. कथेसाठी ही गोष्ट मांजराच्या चित्राहून कितीतरी कामाची आहे. मुलगा हरवलेल्या सोबत्याचं नाव टाक्यांवर शोधत जाऊ शकतो. तारखा दर टाकीवर जवळ येतात, आणि मग एका टाकीवर दिशा उलटी लिहिलेली सापडते. खुणांची यादी वापरायचीच असेल तर एखाद्या बढाईखोर पात्राच्या तोंडी द्या आणि ती चुकीची ठरू द्या.

संदर्भांची सोय तुम्हाला वाटते त्यापेक्षा चांगली आहे. अमेरिकन सरकारच्या शेती-पुनर्वसन खात्यासाठी डोरोथिया लँग, रसेल ली, जॉन व्हॅचन, आर्थर रॉथस्टीन वगैरेंनी काढलेले फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर मोठ्या आकारात फुकट मिळतात, पावणेदोन लाखांच्या आसपास, आणि त्यांवर हक्काचं बंधन नाही. फक्त तारीख बघा. हा उपक्रम १९३५ मध्ये सुरू झाला. तुमची गोष्ट १९३२ ची असेल तर माणसांचे चेहरे आणि कपडे घ्या. मोटारी, पाट्या, जाहिराती घेताना जपा. रेल्वे यार्डासाठी जॅक डेलानोचे १९४२-४३ चे शिकागोचे फोटो पाहा, काही रंगीत आहेत. वाघिणींचे खरे रंग त्यातच कळतात. सगळ्या तपकिरी नसतात, तपकिरीच्या दहा छटा असतात. तेही दहा वर्षं नंतरचे आहेत, हे मात्र विसरू नका.

लँगचा १९३३ चा सॅन फ्रान्सिस्कोतला एक फोटो समोर ठेवून चौकट कशी बांधायची ते शिका. मोफत जेवणाच्या रांगेत टोप्या घातलेल्या माणसांच्या पाठीच पाठी, आणि एकच म्हातारा आपल्याकडे वळून कठड्यावर रेलला आहे. हातांच्या बेचक्यात टिनचा डबा. त्याचे डोळे दिसत नाहीत, टोपीच्या कडेखाली आहेत. नवखा चित्रकार तिथे अश्रू काढतो.

शिकागोत प्रकरण घेणार असाल तर वेस्ट मॅडिसन स्ट्रीट. स्वस्त लॉजमध्ये माणसाला खोली म्हणून जेमतेम खाट मावेल असा खुराडा मिळायचा. भिंती छतापर्यंत नाहीत आणि वरून कोंबड्यांची जाळी ठोकलेली, शेजाऱ्याने वरून येऊन चोरी करू नये म्हणून. कॅमेरा छतावर ठेवा आणि जाळीच्या चौकोनांतून खाली झोपलेली माणसं काढा. पानाच्या चौकटी वेगळ्या आखायचीही गरज पडणार नाही. समाजशास्त्रज्ञ नेल्स अँडरसनचा होबोंवरचा १९२३ चा अभ्यास याच वस्तीचा आहे, वाचाच. याउलट बेन राइटमनचं १९३७ चं 'बॉक्सकार बर्था' या बाईचं आत्मचरित्र म्हणून गाजलेलं पुस्तक आत्मचरित्र नाहीच, ती कल्पित बाई आहे. माहितीपर लेखांतसुद्धा तिला खरी धरलेलं सापडतं.

आणखी एक सरमिसळ टाळा. धुळीची वादळं आणि मोटारीवर संसार लादून कॅलिफोर्नियाला निघालेली कुटुंबं हे प्रामुख्याने दशकाच्या मधलं प्रकरण. ती माणसं बहुतांशी रस्त्याने गेली. १९३१-३२ च्या मालगाडीवर ती वादळं आणून ठेवू नका.

आता जरा अवघड भाग. तुमचा नायक गोरा आहे, असं मी धरून चालते, कारण तुम्ही सांगितलेलं नाही आणि न सांगितलं की तो गोराच असतो. एकाच वाघिणीत बसलेल्या सगळ्यांचा प्रवास सारखा नव्हता. २५ मार्च १९३१ रोजी चॅटनूगाहून मेम्फिसकडे निघालेल्या मालगाडीत गोऱ्या आणि काळ्या पोरांची मारामारी झाली. गाडीवरून खाली फेकलेल्या गोऱ्या पोरांनी तक्रार केली आणि अलाबामातल्या पेंट रॉकला गाडी अडवून नऊ काळ्या मुलांना पकडलं. त्यातले बरेच जण एकमेकांना ओळखतही नव्हते, गाडीच्या वेगवेगळ्या भागांत होते. त्याच गाडीवरून उतरलेल्या दोन गोऱ्या तरुणींनी बलात्काराचा आरोप केला. पुढच्याच महिन्यात आठ जणांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. एका तरुणीने १९३३ मध्ये आपली साक्ष खोटी असल्याचं न्यायालयात सांगितलं, तरी खटले वर्षानुवर्षं चालले. स्कॉट्सबरोचं (खटला उभा राहिला त्या गावावरून हे नाव) हे प्रकरण तुमच्या कथेत आणाच असं नाही. पण १९३२ मध्ये वाघिणीच्या दारात गोरं पोर दिसल्यावर एखादा काळा माणूस पुढच्या वाघिणीत का जातो, हे काढायला हे माहीत हवं. तो काही बोलत नाही, नुसता उठून जातो. मुलाला ते तुटकपणाचं वाटतं. कारण त्याला वीस पानांनंतर कळू द्या.

मेक्सिकन वंशाच्या काही लाख लोकांना त्याच वर्षांत देशाबाहेर धाडलं जात होतं. लॉस एंजेलिसहून १९३१ पासून त्यासाठी खास गाड्या सोडल्या गेल्या, आणि पाठवलेल्यांत अमेरिकेत जन्मलेली मुलंही होती. यार्डात शेजारच्या रुळावर अशी एक प्रवासी गाडी उभी करा. एका चौकटीचं काम आहे. मुलीही रस्त्यावर होत्या, बऱ्याचदा मुलांच्या कपड्यांत. त्यातून 'टोपी काढली आणि लांब केस सुटले' असलं काही करणार असाल तर कृपा करून करू नका.

मराठी कोणती, या प्रश्नावर माझं मत ठाम आहे: बोलती, साधी, कुठल्याच जिल्ह्याची नाही. कॅन्सासचा शेतमजूर वऱ्हाडी बोलला की वाचक अकोल्यात पोचतो. मुंबईची टपोरी भाषा तर अजिबात नको, तिच्यात एक मस्ती आहे आणि ही माणसं उपाशी आहेत. पण मराठीत तू-तुम्ही आहे, तो इथे हुकमी पत्ता समजा. घरातून निघालेला मुलगा सुरुवातीला सगळ्या मोठ्यांना 'तुम्ही' म्हणतो. तळावर दोन महिने काढल्यावर 'तू'वर येतो, कोणी सांगत नाही, आपोआप. पोलीस त्याला 'ए' म्हणतो. सूप देण्याआधी प्रवचन ऐकवणारा मिशनवाला 'बाळा' म्हणतो आणि ते 'ए'पेक्षा जास्त लागतं. आणि दक्षिणेत शिरल्यावर हाच मुलगा साठीच्या काळ्या माणसाला सहज 'तू' म्हणतो, तो माणूस त्याला 'तुम्ही' म्हणून उत्तर देतो. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. वाचकाला वाटलं पाहिजे. यावर कोणत्याही पात्राकडून भाष्य नको.

शेवट कुठे करायचा हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सोळा वर्षांचं पोर असल्यामुळे इतिहास एक दार उघडतो. १९३३ मध्ये रूझवेल्टचं सरकार आलं आणि तरुणांसाठी वनसंवर्धनाची छावणी-योजना निघाली: महिना तीस डॉलर, त्यातले साधारण पंचवीस थेट घरी. वयाची अट सुरुवातीला अठराची. तुमचा मुलगा सोळाचा, म्हणजे तो वय खोटं सांगणार किंवा बाहेर राहणार. त्याच वर्षी बेघर प्रवाशांसाठी पहिल्यांदा केंद्राच्या पैशाने आसरे निघाले, रहिवासाची अट न घालता. १९३५ मध्ये ते गुंडाळले गेले. फेब्रुवारी १९३६ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखाने १३६ पोलीस कॅलिफोर्नियाच्या सीमांवर पाठवले, पैसे नसलेल्यांना राज्यात येऊ द्यायचं नाही म्हणून. शहराच्या पोलिसांनी राज्याची हद्द अडवली! गरिबाला राज्यात येण्यापासून अडवता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते १९४१ मध्ये. १९३३ ला थांबलात तर शेवट आशेचा होईल, १९३६ ला थांबलात तर वर्तुळ पुन्हा सुरू होईल. मी १९३५ निवडलं असतं, आसऱ्याच्या दाराला कुलूप लागतं तेव्हाचं, आणि मुलगा तोवर एकोणीस वर्षांचा झालेला.

वॉशिंग्टनवर गेलेल्या माजी सैनिकांचा १९३२ चा मोर्चा मध्ये घालायचा मोह होईल, कारण पोर्टलंडहून निघालेली त्यांची तुकडी बरीचशी वाट मालगाड्यांनी आली होती आणि जुलैअखेर लष्कराने त्यांची वस्ती जाळून त्यांना पिटाळलं. प्रसंग जबरदस्त आहे, पण तो पुस्तक गिळतो. घालायचा तर तीस पानं द्या, नाहीतर तळावरच्या जुन्या वर्तमानपत्रात मथळा म्हणून राहू द्या. ते वर्तमानपत्र कोणीतरी अंगावर पांघरलेलं असेल.

अक्षरांचं काम आधी करून बघा, चित्रं झाल्यावर नाही. देवनागरीला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार लागतात, त्यामुळे दोन ओळींत रोमन लिपीपेक्षा जास्त अंतर सोडावं लागतं आणि त्याच मजकुराचा फुगा उंच होतो. विभक्ती जोडून आपले शब्द लांब होतात, ते ओळीच्या शेवटी तोडू नका. त्यापेक्षा वाक्य बदला. मोठी लिपी, छोटी लिपी असं आपल्याकडे नाही, म्हणून ओरडणं जाडीने आणि आकाराने दाखवा, तिरप्या अक्षरांनी नाही. एका फुग्यात वीस-बावीस शब्दांच्या वर गेलात तर संवाद कापा. पहिल्या फेऱ्याची पानं पेन्सिलीत करा, फुगे मजकुरासकट बसवा आणि ज्या आकारात पुस्तक छापायचं त्याच आकारात साध्या प्रिंटरवर काढून कोणालातरी ट्रेनमध्ये वाचायला द्या. हलत्या डब्यात वाचताना जिथे तो पान डोळ्यांजवळ नेईल, तिथला फुगा लहान आहे.